कै. चौघे

डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये कोणी हरत नाही, असं मी बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या टोळक्याला पहिल्याच दिवशी ऐटीत सांगितलं होतं. पुढे मी खेळ असा चालवला की चौघेही हरले आणि त्यांच्या पाठोपाठ मीही.

हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी १९७४ साली आणला. एकजण डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट सांगणारा. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं. 'मी दोर टाकून खाली उतरतो' असं खेळाडूने म्हणायचं, ते किती अवघड हे मास्टरने ठरवायचं, आणि उतरला की पडला हे वीस बाजूंचा फासा सांगणार. अशी एक गोष्ट महिनोन् महिने चालते. तिला कॅम्पेन म्हणतात.

मास्टर मी होतो. परक्या मुलखातले राजवाडे नकोत म्हणून गोष्ट मी खानापूरच्या जंगलात नेली. भीमगडाजवळच्या बारापेडे गुहांत रॉटनचं वटवाघूळ राहतं. १९१३ साली शास्त्राला त्याची ओळख झाली आणि पुढे बरीच वर्षं ते जगात फक्त इथलंच ठाऊक होतं. याचं मला इतकं अप्रूप की गुहेच्या वर्णनाची पानंच्या पानं लिहिली. लढाईचा हिशोब मात्र तोंडीच केला.

चौघेही पहिल्या लेव्हलचे, आणि समोर मी दहा लुटारू उभे केले. एकेकटा लुटारू किरकोळच होता. पण या खेळात ताकदीपेक्षा पाळ्या महत्त्वाच्या. एका फेरीत यांचे वार चार, त्यांचे दहा. वर थरार वाढावा म्हणून मी दरड पाडून गुहेचं तोंड बंद केलं. त्यामुळे नंतर 'पळालात का नाही?' असं विचारायचीही सोय राहिली नाही.

खेळाच्या पाचव्या आवृत्तीत हिट पॉइंट, म्हणजे पात्राचा उरलेला जीव, शून्यावर आले म्हणून पात्र सहसा लगेच मरत नाही. आपली पाळी आली की फासा टाकायचा. दहा किंवा वर पडलं तर यश, खाली पडलं तर अपयश. तीन यशं आधी आली तर जीव तगतो, तीन अपयशं आली तर खेळ खलास. शेवटी उरली निपाणीहून येणारी मैत्रीण. तिने वैद्याचं पात्र घेतलं होतं. दोन यशं झाली होती, दोन अपयशं. फासा चहाच्या पेल्यावर आपटला आणि कुंद्याच्या डब्याला टेकून थांबला. नऊ. तिने पेन्सिल उचलली आणि कागदावर पात्राच्या नावाआधी 'कै.' लिहिलं. मग बाकीच्यांनीही लिहिलं. सगळे हसत होते, आणि त्या हसण्यात राग नव्हता.

लुटारूंना या चौघांना बांधून ठेवून खंडणी मागता आली असती. मेलेल्यांची खंडणी मिळत नाही हे कुठल्याही लुटारूला कळतं. मला ते सुचलं नाही.

इथवर झालं ते अडाणीपणाने. पुढचं मी विचार करून केलं. पुढच्या बैठकीत म्हणालो, "तुम्ही दचकून जागे होता. सगळं स्वप्न होतं."

"काय गा, मग हे 'कै.' पुसू काय?" निपाणीकरीण म्हणाली. मी मोठ्या मनाने खोडरबर पुढे केलं.

त्यानंतर कोणी कशाला भ्यायलाच तयार नाही. एकाने कड्यावरून उडी मारली, दुसरा झोपलेल्या वाघाला ढोसायला गेला. "मेलो तर उठवतोस की तू!" फासा थांबायच्या आत लोक फोन बघायला लागले. निपाणीकरणीने तंबाखूच्या काढणीची गडबड सांगितली आणि यायची थांबली. महिना जुलैचा होता. पावसाळ्यात तंबाखूची काढणी नसते, एवढं बेळगावकराला कळतं.

अखेर बैलहोंगलकडचा आमचा कन्नड मित्र बोलला, "चन्नम्मा पकडली गेली म्हणून गोष्ट संपली काय?" १८२४च्या ऑक्टोबरात राणी चन्नम्माच्या कित्तूरने इंग्रजांना हरवलं, डिसेंबरात कित्तूर पडलं आणि राणी बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत गेली. पुढे तिच्या पदरच्या संगोळ्ळी रायण्णाने इंग्रजांना सळो की पळो केलं. १८३१ साली त्याला फाशी दिली ती नंदगडला, आमच्या गुहेच्याच तालुक्यात. मी वटवाघळं शोधत बसलो होतो.

स्वप्न मी मागे घेतलं. 'कै.' पुन्हा लिहिलं गेलं. या खेपेला पानं लिहायच्या आधी मी विचारलं, "हे चौघे परत आले नाहीत, तर त्यांना शोधायला कोण निघेल?" एकाने मेलेल्याचा धाकटा भाऊ घेतला, एकीने त्यांना उधारीवर दोर देणारी दुकानदारीण. दरम्यान लुटारू मातले होते आणि गावावर पट्टी बसली होती. गुहेत वैद्याचा बटवा सापडला तेव्हा आत काय असणार हे टेबलावर सगळ्यांना माहीत होतं. मला वर्णन करावं लागलं नाही.

ते कॅम्पेन नीट शेवटाला गेलं. निपाणीकरणीला मी फोन केला होता. "बघते की," म्हणाली, आली नाही. तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही. फाशावर पडलेलं मरण खेळाडूचं असतं. चौघांना मारल्याबद्दल मला कोणी बोल लावला नाही; ते मरण परस्पर पुसलं, ते महागात पडलं.