मिठाच्या मुलखात

10 जानेवारी 2025, शुक्रवार
पहाटे लोणावळ्याजवळचं वलवण सोडलं. भाड्याच्या कॅरॅव्हॅनमध्ये झोपायला फळ्या, छोटा ओटा, मोरी आणि 100 लिटरची पाण्याची टाकी. भरूचला नर्मदा आली तसे सासूबाईंनी हात जोडले. बडोद्याअलीकडे पेट्रोलपंपाच्या आवारात मुक्काम. ओट्याचा ताबा सासूबाईंकडे : "अगं, ताट आधी पुसून घे, मग विसळ." धाकटीची आंघोळ दोन तांब्यांत उरकली.

11 जानेवारी
दिवसभर गाडी. विरमगाम मागे पडल्यावर झाडं विरळ झाली, मग नुसता गांडो बावळ, म्हणजे वेडी बाभूळ. रात्री भचाऊ.

12 जानेवारी, धोलावीरा
खडीर बेटावर, तंबूंच्या छावणीशेजारी गाडी लावली. पलीकडे रण.

या सहलीत मला पाहायचं होतं ते हेच हडप्पाकालीन गाव. आर. एस. बिष्ट यांच्या देखरेखीखाली 1990 पासून इथं उत्खनन झालं, 2021 मध्ये जागतिक वारशात नोंद झाली. उत्तर दरवाजाजवळ सापडलेल्या दहा मोठ्या अक्षरचिन्हांबद्दल सगळे विचारतात. मला मात्र तलावांपासून हलवेना. पूर्वेकडचा तलाव सुमारे 73 मीटर लांब, 29 मीटर रुंद. काठावरून पायऱ्या उतरत जातात. दक्षिणेकडचे तलाव तर खडक फोडून केलेले. मनसर आणि मनहर हे पावसाळी ओढे. त्यांना बांध घालून पाणी गावाकडे वळवलं, आणि गडावर पडलेला पाऊसही गटारांतून साठवला. बारमाही नदी नसताना इथं शहर शतकानुशतकं नांदलं ते या बेतावर.

आम्ही टाटांच्या धरणाखाली राहणारी माणसं. वलवणचं पाणी घाट उतरून खोपोलीला जातं, 1915 पासून तिथं वीज होते. पाणी अडवणं आणि वळवणं आमच्या ओळखीचं. पण लोणावळ्यात वर्षाला 4000 मिलिमीटरच्या वर पाऊस, कच्छात सरासरी 400 च्या आसपास. एवढ्याशा पावसावर हा पसारा उभारणाऱ्यांपुढे मी मनापासून नमते. आमच्याकडे बंगल्याबंगल्यात पोहण्याचे तलाव होताहेत, ते मला पटत नाही, हेही इथंच लिहून ठेवते.

थोरला तळाशी उतरून हाका मारत होता. पहारेकऱ्यानं त्याला प्रेमानं वर बोलावलं.

13 जानेवारी, धोरडो
रणातून जाणारा सरळ रस्ता. कुठं पाणी, कुठं मीठ. भिरंडियाराला मावा घेतला, उत्तम होता. पौष पौर्णिमा, त्यामुळे धोरडोला जत्रेची गर्दी. पावसाळ्यात इथं खारं पाणी पसरतं, ते आटलं की हा पांढरा थर उरतो. टाच दाबली की खालचा काळा चिखल वर येतो. चांदण्यात धाकटीनं मीठ चाटून पाहिलं.

14 जानेवारी, सुरजबारी
संक्रांत. गावोगावी छपरांवर पतंग. सुरजबारीच्या पुलाआधी मिठागरापाशी थांबलो. इथले अगरिया जमिनीतलं खारं पाणी उपसून वाफ्यांत सोडतात आणि दाताळ्यानं मीठ ओढतात. पावसाळा सरला की कुटुंबासकट रणात येऊन राहतात. एका बाईला तिळगूळ दिला. प्यायचं पाणी टँकरनं येतं, तो अजून आला नव्हता. सासूबाईंनी विचारलंही नाही. भुजला भरलेली आमची टाकी तिच्या पिंपात रिकामी करायला लावली. अहमदाबादला पुन्हा भरून घेऊ.