औंधचा डोंगर आणि न सापडलेले पुस्तक

आपले लोक प्रवासाला निघाले की काहीतरी आठवण घेतल्याशिवाय परतत नाहीत. दीक्षाभूमीवरून बुद्धमूर्ती, चैत्यभूमीवरून पुस्तके आणि बाबासाहेबांची तसबीर, बोधगयेहून पिंपळाचे पान. अलीकडे आपल्यातील काही कुटुंबे श्रीलंका, थायलंडपर्यंत जाऊन येतात आणि तिथलीही एखादी लहानशी मूर्ती पिशवीतून घरी येते. या वस्तू पैसे दिले की मिळतात. परंतु काही वस्तू अशा असतात की पैसे खिशात असूनही वर्षानुवर्षे हाती लागत नाहीत. अशाच एका पुस्तकाच्या मागावर आम्ही आहोत, आणि त्या शोधाने आम्हांला सातारा जिल्ह्यातील औंधला नेले.

पुस्तकाचे नाव ‘अजंता’. ते इंग्रजीत आहे. मुंबईच्या तारापोरवाला कंपनीने ते १९३२ साली प्रसिद्ध केले. लेखक कोणी पंडित वा प्राध्यापक नव्हे, तर औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८ ते १९५१). सूर्यनमस्काराचा प्रचार करणारा राजा म्हणून त्यांचे नाव पुष्कळांना ठाऊक असते. पण याच राजाने चित्रकार बरोबर घेऊन अजिंठ्याची लेणी पाहिली, तिथल्या चित्रांच्या नकला उतरवून घेतल्या आणि लेण्यांची माहिती देणारे पुस्तक लिहिले, हे आपल्या समाजात फारसे माहीत नाही.

हे पुस्तक आम्ही मुंबईच्या फुटपाथवरील जुन्या पुस्तकांच्या ढिगात शोधले, पुण्याच्या रद्दीवाल्यांकडे शोधले. एकदा परदेशातील एका दुकानाच्या यादीत ते दिसले. किंमत पौंडांत होती. वर्गणी काढून घ्यावे असे ठरेपर्यंत ते विकले गेले होते. तेव्हा वस्तीतील पाच कुटुंबांनी ठरवले की पुस्तक मिळेल तेव्हा मिळेल, निदान त्या राजाचा संग्रह तरी डोळ्यांनी पाहून येऊ.

साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे औंध सुमारे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर आहे. खटाव तालुका पावसाचा तुटीचा. उघडे माळ, ज्वारीची राने, मध्येच एखादी विहीर. १९४८ पर्यंत हे वेगळे राज्य होते. त्याचा मुलूख सलग नव्हता, तुकड्यातुकड्यांनी पसरलेला होता. औंध साताऱ्यात, आटपाडी आणि कुंडल आजच्या सांगली जिल्ह्यात, तर गुणदाळ आज कर्नाटकात. साताऱ्याच्या इंग्रजी मुलखातून इकडे येणारा माणूस कागदोपत्री परमुलखातच येत असे.

गावालगत यमाईचा डोंगर आहे. माथ्यावर देवीचे देऊळ आणि देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर श्री भवानी वस्तुसंग्रहालय. चढ सुरू झाला तशी आमच्याबरोबरची एक आजी थांबली. म्हणाली, “आपुन आता देवीला जात न्हाय. मग ह्यो डोंगर कशापायी चढायचा?” तिची नात आठवीत शिकते. ती म्हणाली, “आजी, आपण देवीला नाही, बुद्धाची चित्रं बघायला निघालोय.” आजी पदर खोचून पुन्हा चालू लागली. बावीस प्रतिज्ञा पाळणाऱ्या माणसाला कोणत्याही डोंगराची बंदी नाही. आपण तिथे कशासाठी जातो, हे आपल्याला ठाऊक असले म्हणजे झाले.

भवानरावांनी आपला खाजगी संग्रह लोकांना पाहता यावा म्हणून १९३८ साली हे संग्रहालय उभे केले. राजा रविवर्म्याची चित्रे, युरोपातील नामांकित चित्रांच्या आणि पुतळ्यांच्या नकला, हस्तिदंतावरचे कोरीव काम असे पुष्कळ काही इथे आहे. इंग्लंडचे जगप्रसिद्ध शिल्पकार हेन्री मूर यांचे ‘आई आणि मूल’ हे दगडी शिल्प ही तर या संग्रहाची मोठी मिरासच. मूरचे काम पाहायला लोक लंडनला जातात. ते इथे, खटाव तालुक्यातल्या एका गावात पाहायला मिळते. आमच्या बायका त्या शिल्पापुढे बराच वेळ उभ्या होत्या. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात यशोधरा लहानग्या राहुलला पुढे करून बुद्धासमोर उभी आहे, ते चित्र त्यांतल्या दोघींनी अजिंठ्याला पाहिले होते. त्यांनी मुलांना त्याची गोष्ट तिथेच सांगितली.

अजिंठ्याच्या नकलांची हकिगत मोठी आहे, आणि ती ऐकल्याशिवाय औंधचे मोल कळत नाही. १८१९ साली जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने लेणी पाहिली आणि त्यांचा बोलबाला जगभर झाला. १८४४ पासून रॉबर्ट गिल हा लष्करी अधिकारी तिथे राहून वर्षानुवर्षे नकला काढत राहिला. त्या लंडनला गेल्या. १८६६ साली तिथल्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि जवळजवळ सगळ्या जळाल्या. त्यानंतर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून बारा-तेरा वर्षे पुन्हा तेच काम केले. त्यांच्याही कितीतरी नकला १८८५ साली लंडनमधल्याच आगीत गेल्या. पुढे जपानी चित्रकार अराई काम्पो यांनी केलेल्या नकला १९२३ च्या टोकियोच्या भूकंपात नष्ट झाल्या. मूळ चित्रे आपल्या डोंगरात आणि त्यांच्या आठवणी परदेशात जळून खाक, असा हा प्रकार. हे सारे पाहिले म्हणजे औंधच्या राजाने नकला करवून त्या आपल्याच मुलखात ठेवल्या, ही गोष्ट लहान वाटत नाही.

राजा ब्राह्मण होता, देवीचा भक्त होता. त्याने अजिंठ्याकडे कलेच्या प्रेमाने पाहिले. आपण त्याच चित्रांकडे आपला धम्म म्हणून पाहतो. नजर वेगळी असली तरी जपणाऱ्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

औंधला गेल्यावर आणखी एका माणसाची आठवण ठेवली पाहिजे. याच संस्थानातील आटपाडीच्या महारवाड्यात १९२१ साली जन्मलेले शंकरराव खरात शिक्षणासाठी औंधला आले. तराळकी करणाऱ्या बापाचा हा मुलगा पुढे वकील झाला, लेखक झाला, मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला आणि १९८४ साली जळगावच्या मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. ‘तराळ-अंतराळ’ हे त्यांचे आत्मचरित्र आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. पण आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यांचे दुसरे काम अधिक महत्त्वाचे आहे. बाबासाहेबांची पत्रे संपादित करून त्यांनी १९६१ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. राजाने चित्रे जपली, तर त्याच्या मुलखातील तराळाच्या मुलाने बाबासाहेबांचे शब्द जपले.

स्वतः बाबासाहेबांइतका जिद्दी संग्राहक तर दुसरा नाही. अमेरिकेत शिकताना पोटाला चिमटा घेऊन त्यांनी न्यूयॉर्कच्या जुन्या बाजारातून सुमारे दोन हजार ग्रंथ जमवले. १९१७ साली ते मायदेशी परतले तेव्हा त्यांचे सामान आणणारे जहाज पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाले. बाबासाहेब रडत बसले नाहीत. त्यांनी पुन्हा ग्रंथ जमवले आणि दादरचे राजगृह ग्रंथांसाठी जागा ठेवून बांधले.

आता आपल्या घरांकडे वळू. आपण परदेशातील दुकानातले एक पुस्तक निसटले म्हणून हळहळतो. पण आपल्याच पेटीत काय आहे? १९५६ च्या धर्मांतराला गेलेल्या आजोबांचा फोटो, सभेची हँडबिले, ‘जनता’ आणि ‘प्रबुद्ध भारत’चे पिवळे पडलेले अंक, जलशाच्या गाण्यांची वही, बौद्ध पद्धतीने झालेल्या पहिल्या लग्नाची पत्रिका. दिवाणखाना रंगवायला काढला की हेच सामान किलोच्या भावाने रद्दीत जाते. त्याला आग लागत नाही की भूकंप होत नाही, आपल्याच हाताने ते जाते. उद्या हेच कागद आपली नातवंडे जगभर शोधत फिरतील आणि त्यांची किंमत कोणत्याही नाण्यात मोजता येणार नाही.

परतल्यावर आमच्या विहारात आम्ही एक पत्र्याचे कपाट या कामासाठी बाजूला काढले आहे. त्यासाठी फार शिक्षण लागत नाही. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने नावे, गाव आणि साल लिहावे, शाईचे पेन वापरू नये. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नये, तिचा डाग कायमचा राहतो. कागद ओलीपासून दूर, सपाट ठेवावेत आणि पावसाळा संपल्यावर एकदा उलगडून पाहावेत. मोबाईलवर त्यांची प्रत काढून दोन-तीन घरी ठेवावी, कारण एकाच जागी ठेवलेल्या नकलांचे काय होते हे अजिंठ्याने शिकवले आहे. आणि ज्यांच्या आठवणीत नावे आहेत अशा वडीलधाऱ्या माणसांजवळ या पौर्णिमेलाच बसावे. ती माणसे गेली की फोटोतले चेहरे मुके होतात.

‘अजंता’ पुस्तकाचा शोध आम्ही सोडलेला नाही. कोणा वाचकाच्या पाहण्यात ते आले तर जरूर कळवावे. औंधला मात्र पुस्तक मिळण्याची वाट न पाहता मुलाबाळांना घेऊन जाऊन यावे, आणि निघण्यापूर्वी आपल्या घरची पेटी एकदा उघडावी.