माजलगावातला एक निकाह

परभणीहून माजलगावला जायचे तर पाथरी सोडल्यावर ढालेगावजवळ गोदावरी ओलांडावी लागते. अलीकडे परभणी जिल्हा, पलीकडे बीड. लग्नसराईत या रस्त्याने आम्ही दोघे नवरा-बायको कॅमेऱ्याच्या बॅगा घेऊन नेहमी जातो. लग्नाचे फोटो काढणे हाच आमचा धंदा. मर्दान्यात एक आणि जनान्यात दुसरी, अशी आमची वाटणी. नवरीचे फोटो बाईनेच काढावेत असे पुष्कळ घरांना वाटते, म्हणून आम्हाला बोलावणी येतात.

बीड म्हटले की बाहेरच्यांना दुष्काळ आणि ऊसतोड आठवते. माजलगावचे चित्र थोडे निराळे आहे. सिंदफणेवरचे धरण गावाजवळच आहे. जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यातले हे धरण. पैठणच्या उजव्या कालव्याचे पाणी १३२ किलोमीटर चालून इथे येते. पुढे मंजरथला सिंदफणा गोदावरीला मिळते. पाणी आहे म्हणून ऊस आहे, साखर कारखाने आहेत, बाजारपेठ आहे. तरीही तालुक्यातली कितीतरी कुटुंबे दसऱ्यानंतर कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. ती उन्हाळ्याच्या तोंडाला परततात आणि मग गावात लग्नांची गर्दी उडते. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे इथल्या मुस्लिम घरांत दखनी आणि बाजारात मराठी, असा सहज व्यवहार चालतो.

या एप्रिलमध्ये आम्ही गेलो ते एका शिंप्याच्या घरी. मुलीच्या अब्बांनी फोनवरच सांगितले, "लग्न साधे आहे. निकाह मशिदीत, असरनंतर. पण फोटोंची एक यादी देणार आहे, त्यातले कोणी सुटू नये."

अशा याद्या आम्हाला नव्या नाहीत. त्यांत बहुधा पुढारी असतात, कारखान्याचे संचालक असतात, दुबईहून आलेले मामू असतात. या यादीत मात्र एक जीपवाला होता. शेजारची एक मावशी होती. कॉलेजातल्या एक मॅडम होत्या. औषधाच्या दुकानातला एक पोऱ्या होता. ही माणसे यादीत का, ते त्या घरात दिवसभर वावरताना हळूहळू कळत गेले.

चार वर्षांपूर्वी मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. मानेवर गाठ आली. दुखत नव्हती, म्हणून कोणी फारसे मनावर घेतले नाही. मग संध्याकाळचा ताप सुरू झाला, रात्री घामाने उशी भिजू लागली, वजन उतरले. आपल्याकडे मानेची गाठ म्हणजे आधी क्षयाचाच संशय येतो, आणि पुष्कळदा तो खराही असतो. पण गाठीचा तुकडा काढून तपासल्याशिवाय खात्री होत नाही. इथे तपासणीत निघाला हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसीका ग्रंथींचा कर्करोग. तरुण वयातही होणारा हा आजार वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेकांचा बरा होतो. घरच्यांना मात्र त्या दिवशी फक्त "कॅन्सर" एवढाच शब्द ऐकू आला.

छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात उपचार झाले. खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून भागला. पण योजनेत सगळा प्रवास बसत नाही, घरी राहिलेल्या लहान भावंडांची भाकरी बसत नाही. दर पंधरा दिवसांनी एक, असे बारा वेळा औषध चढवायचे होते. गेवराईमार्गे तीन-चार तासांचा रस्ता. जीपवाला पहाटे दारात उभा राही आणि डिझेलच्या पैशांवर रुपया जास्त घेत नसे. मावशी स्वतः ऊसतोडीला जाणारी. ती त्या वर्षी गुडघ्यामुळे गावातच राहिली होती आणि त्या घरची चूल तिने सांभाळली. मॅडमनी नोट्स घरी पाठवल्या. औषधाच्या दुकानातला पोऱ्या रात्री दुकान बंद झाल्यावरही गोळ्या आणून देई. यादीचा अर्थ हा होता.

उपचार संपले, केस पुन्हा आले, पदवीही झाली. मग रिश्ते येऊ लागले आणि घरात वाद झाला. दादीचे म्हणणे, आता बरी आहे ना, मग सांगायचे कशाला? मुलीची जात, नाव खराब होईल. आपल्या समाजात हा सल्ला घरोघरी दिला जातो, आणि देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. अब्बांनी ऐकले नाही. त्यांचे म्हणणे सरळ होते. कापडात भोक असेल तर मी गिऱ्हाइकाला आधी दाखवतो, मग निकाहसारख्या करारात लपवू कसे? निकाह दोघांच्या रजामंदीने होतो. ज्याला खरे माहीतच नाही, त्याची रजामंदी कसली?

दोन रिश्ते पहिल्या चहालाच परत गेले. तिसऱ्या घरची आई मात्र म्हणाली, "फाइल दाखवा." पुढच्या तपासणीला ती स्वतः सोबत गेली आणि तिने डॉक्टरांना विचारले. हा आजार लागण होऊन पसरतो का? नाही. मूल होईल का? या औषधांनंतर बहुतेकांना अडचण येत नाही, पण केव्हा ते आमच्या सल्ल्याने ठरवा. परत उलटेल का? शक्यता कमी आहे, पण तपासण्या चुकवायच्या नाहीत. घरी येऊन तिने मुलाला सगळे सांगितले. मुलगा ट्रॅक्टर दुरुस्तीचे काम करतो. त्याने होकार दिला.

निकाहच्या दिवशी जनान्यात सजवणारीने नवरीच्या मानेवरची बायोप्सीची खूण पावडरीखाली झाकायला घेतली. एक खाला आम्हाला हळूच म्हणाल्या, "फोटोत कॉम्प्युटरवर काढून टाका." नवरीने ऐकले आणि हसून म्हणाली, "रहने दो भाभी, उसीसे तो मालूम हुआ." फोटोंत ती खूण जशी आहे तशी आहे.

मग वकील आणि दोन गवाह दारापाशी आले. मुलाचे नाव, मेहरची रक्कम सांगून तिची संमती विचारली. या वेळी आम्ही कॅमेरा खाली ठेवतो, हा आमचा नेमच आहे. एरवी तीनदा विचारल्यावर रडक्या आवाजात हुंकार येतो. हिने पहिल्याच वेळी असे स्पष्ट "कबूल है" म्हटले की बायका खळखळून हसल्या. दादीही हसली. तो हशा चालू असतानाच आम्ही कॅमेरा उचलला. त्या दिवसाचे सर्वांत चांगले फोटो तेव्हाचे आहेत.

मशिदीत खुतबा झाला, दुआ झाली, खारका वाटल्या. मांडवात दालचा-खान्याच्या पंगती बसल्या. पलीकडे शेजाऱ्यांसाठी निराळा आचारी लावून शाकाहारी स्वयंपाक केला होता. मावशी फोटोला तयार होईना. लुगडे जुने आहे म्हणे. नवरीने तिला हाताला धरून शेजारी बसवले. जीपवाल्याला अब्बांनी आपल्या खुर्चीवर बसवले आणि स्वतः मागे उभे राहिले.

जनान्यातले सगळे फोटो आम्ही दुसऱ्या दिवशी मेमरी कार्डासकट नवरीच्या हातात दिले आणि आमच्याकडची प्रत पुसून टाकली. ते त्या घरचे आहेत. रुखसतीच्या पेटीत कपड्यांवर रुग्णालयाची फाइल ठेवलेली आम्ही पाहिली. पुढच्या तपासणीची तारीख वरच लिहिलेली होती. सोबत कोण जाणार, असे अम्मीने विचारले, तर सासूबाई म्हणाल्या, "मीच. रस्ता मला माहीत आहे."