दाणा साखरेचा, दाणा तानेचा

भवानीनगर हे काही प्रवासवर्णनात शोभणारे गाव नव्हे. येथे लेणी नाहीत, किल्ला नाही, समुद्राचे तर नावच नको. बारामतीहून इंदापूरच्या रस्त्याला लागावे, नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेले उसाचे फड पाहत जावे आणि मळीचा आंबूस वास नाकात शिरला की ओळखावे, श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना आला. आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी शेजारच्या सणसरला मुक्काम करते, पुढे बेलवाडीला गोल रिंगण होते. हे दिवस सोडले, तर बाहेरचा माणूस येथे उतरतो तो बहुधा उसापायी. मी उतरलो तो गाणे ऐकायला!

बोलावणे होते माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांचे. गृहस्थांचा सारा जन्म साखरेच्या धंद्यात पॅनमन म्हणून गेलेला. हा हुद्दा आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. उसाचा आटवलेला रस निर्वात भांड्यात शिजत असतो. त्यात साखरेचा दाणा धरायचा, वाढवायचा आणि नेमक्या घटकेला भांडे उतरवायचे, हे पॅनमनचे काम. काचेच्या पट्टीवर थेंब घेऊन तो उजेडापुढे धरतात आणि दाणा पाहतात.

"दाणा सुटा पाहिजे, सर. एकाला एक चिकटला की कारभार आटोपला," असे म्हणत त्यांनी टेपरेकॉर्डरचे बटण दाबले. "आता ही तान ऐका."

आवाज पंडित भीमसेन जोशींचा होता. तान वरून खाली आली, आणि खरोखरच एकेक सूर सुटा, पैलूदार! दाणेदार तान हा शब्द मी वर्गात किती वेळा वापरला असेल. पण त्याचा अर्थ साखरेच्या गावात कळावा, हा योग.

आपल्या गुरूच्या स्मरणार्थ भीमसेनजींनी पुण्यात १९५३ साली सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला. मैफली तेव्हा रात्रभर चालत. महोत्सव डिसेंबरात, म्हणजे ऐन गळिताच्या हंगामात. आमचे यजमान आणि त्यांचे एक स्नेही पाळ्या बदलून घेत, एस.टी.ने पुणे गाठत आणि सकाळी भीमसेनजींचे गाणे संपले की तसेच तारवटल्या डोळ्यांनी कामावर हजर होत. रात्रीच्या ध्वनिक्षेपकांवर निर्बंध आले आणि ती जागरणे संपली. भीमसेनजीही २०११ साली गेले. उरल्या या फिती.

यजमानांकडे तोडीच्याच तीन फिती आहेत, तीन वेगवेगळ्या सालांच्या. "एक पुरे नाही का?" मी विचारले. त्यांनी तिन्ही ऐकवल्या. राग तोच, गवई तोच. पण एका वर्षी ते धैवतापाशी बसूनच राहिले आहेत, दुसऱ्या वर्षी तबल्याशी लडिवाळ भांडण चालले आहे, तिसऱ्या वर्षी तार षड्ज लागताच मांडव उसळला आहे. जुन्या तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटांत राग गुंडाळावा लागे. भास्करबुवा बखल्यांचे तर, १९२२ साली ते गेले तेव्हा, गाणे कुठेच उरले नाही. आपण फक्त आठवणी वाचायच्या. फितीवर निदान ती रात्र तरी सापडते.

अमेरिकेतल्या 'ग्रेटफुल डेड' या वाद्यवृंदाने रसिकांना आपले कार्यक्रम मुद्रित करू दिले, १९८४ साली त्यांच्यासाठी निराळी जागाही राखली. ती मंडळी एकेका रात्रीच्या फिती आपसांत वाटून घेत. यजमानांना हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे आमच्यासारखेच की!" त्यांच्याही बऱ्याचशा फिती अशाच हातोहात फिरत आलेल्या. पैशाचा व्यवहार नाही; एक द्यावी, एक घ्यावी.

शेवटी त्यांनी एक लहानशी फीत लावली. जवळपासच्या कुणाच्या घरी झालेली बैठक, त्यांनी स्वतःच मुद्रित केलेली. गवई बेताचा. मध्येच खोकला, कपबश्यांचा आवाज, आणि एका नाजूक जागेवर कुणीतरी हळूच म्हणतो, "अहाहा!" यजमानांनी फीत थांबवली. तो आवाज त्यांच्या स्नेह्यांचा. त्यांना जाऊन बरीच वर्षे झाली. त्यांचा बोललेला असा हा एकच शब्द शिल्लक आहे.

मुलगा आता या फिती संगणकावर उतरवून घेतो आहे. खोकले आणि खरखर काढून टाकण्याची सोय आहे, असे तो उत्साहाने सांगू लागला. वडिलांनी मान हलवली. "खरखर काढ. माणसं काढू नकोस."

फितींवरची शाई पुसट होत चालली आहे. म्हणून त्या दुपारी आम्ही तिघे वही घेऊन बसलो. अक्षर माझे, माहिती त्यांची. रकाने आखले: राग, गवई, साथीला कोण, गाव, साल. सहावा रकाना यजमानांनी सांगितला, तो मी जसाच्या तसा लिहिला: दाद कोणाची.