हातोहात

आईच्या डोळ्यात दिवसातून चार वेळा थेंब घालायचे होते आणि दोन थेंबांमधला वेळ फार लांब होता. मार्गशीर्षातल्या सकाळी भिलाई-३ च्या आमच्या घरात धुकं आधी ऐकू येतं, मग दिसतं. यार्डातल्या इंजिनांच्या शिट्ट्या ओलसर होतात, कुठेतरी दूर चरोद्याच्या बाजूला एखादी मालगाडी हलते, आणि पहिल्या डब्याला बसलेला हिसका दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला असा खडखडत, जोडाजोडातून धावत आमच्या खिडकीपर्यंत येतो, खिडकीखालून पुढे जातो आणि पार शेवटच्या डब्याशी जाऊन विझतो. मग इतकी शांतता होते की देवघरातल्या वातीचं तडतडणं कानावर येतं.

त्या शांततेत मला कॅमेरा सापडला.

आईसाठी मऊ सुती कापड शोधत होते. बाबांच्या कपाटात खालच्या खणात, मफलरमध्ये गुंडाळलेला. मफलरला अजून नेप्थलीनच्या गोळ्यांचा वास होता. २००४ साली, निवृत्तीच्या पैशांतून बाबांनी स्वतःसाठी घेतलेली ही एकच वस्तू. बाकी सगळं घराचं, माझ्या लग्नाचं, आईच्या गुडघ्यांचं. चाळीस लाख ठिपक्यांचा तो चांदीच्या रंगाचा कॅमेरा त्यांनी पहिल्या दिवशी ओंजळीत असा धरला होता, जसं कुणी तान्ह्या बाळाचं डोकं धरतं.

बॅटरी भरली, कळ दाबली. भिंग पुढे आलं, तोच जुना लहानसा घरघराट. जुने फोटो सगळे शाबूत होते. अंगणातला पेरू, मैत्री बागेतला वाघ, फाटकाशी उभी असलेली आई, वाळत घातलेल्या कुरडयांवर पडलेली तिची सावली. पण नवीन काही टिपायला गेलं की पडद्यावर जांभळ्या पट्ट्या, उभ्या, थरथरत्या, पावसात भिजलेल्या साडीचा रंग सुटावा तशा. जे पाहून झालं होतं ते त्याला सगळं आठवत होतं. समोरचं दिसत नव्हतं.

आठवणीतल्या फोटोंच्या अगदी शेवटी अकरा चौकटी होत्या. २००६ चा पोळा. अकराही जांभळ्या.

तो दिवस मला नीट आठवतो. आमच्या भंडाऱ्याकडे तान्ह्या पोळ्याला मुलं लाकडी बैल घेऊन निघतात. इथे छत्तीसगडात मातीचा, चाकांवरचा नांदिया बैल मिळतो, कुंभाराच्या हातच्या बोटांचे ठसे पाठीवर घेऊन. माझा मुलगा तेव्हा तीन वर्षांचा. पाऊस नुकता थांबलेला, अंगणात चिखलाचा चकाकता पातळ थर, आणि तो सुतळी धरून बैल ओढतोय, बैल पडतोय, तो परत उभा करतोय. शेजारच्या काकूंनी पाठवलेल्या ठेठरी-खुरमीची वाटी पायरीवर. बाबा उकिडवे बसून फोटो काढत होते. मध्येच कॅमेरा खाली घेऊन गमछाने भिंग पुसत, पुन्हा डोळ्याशी धरत. पुन्हा पुसत. मी दारात उभी होते, मला वाटलं डोळ्यांत काही गेलं असेल. अकराव्यांदा कळ दाबून झाल्यावर ते नुसतं म्हणाले, “असू दे.” कॅमेरा पायरीवर ठेवला आणि सुतळीचं दुसरं टोक हातात घेतलं.

आम्हाला त्यांनी काहीच सांगितलं नाही. मफलर त्यांनी तेव्हाच गुंडाळला असावा.

भिलाई-३ च्या बाजारात मोबाईल दुरुस्तीचं एक दुकान आहे, बाकड्याएवढं. तिथल्या मुलाने कॅमेरा उघडझाप करून पाहिला, भिंगात बोटभर दिव्याचा झोत टाकला आणि म्हणाला, “एखर तो आँखीच चले गे हे, दीदी.” याचे तर डोळेच गेलेत. त्या ‘च’वर मी थबकले. हिंदीत तो ‘ही’ म्हणाला असता. पण छत्तीसगढीत आपल्यासारखाच ‘च’ आहे, शब्दाच्या शेवटी टाच रोवून उभा राहणारा. या एका अक्षरापुरतं इतक्या वर्षांत मला इथे कधी परकं वाटलेलं नाही. भिंग चांगलं आहे, तो म्हणाला, आतला सेन्सर गेलाय. रायपूरच्या भंगारातून त्याच जातीचा दुसरा कॅमेरा मागवता येईल, ज्याचं भिंग फुटलंय पण आतलं धड आहे. मग हात हलवत, “बने हो जाही.” छान होऊन जाईल.

आठवड्याने भंगारातला जोडीदार आला. मी म्हटलं, उघडायला मी बसते, झाळकाम तू कर. त्यालाही एकांतापेक्षा सोबत बरी वाटली असावी.

कालनिर्णयचं जुनं पान पालथं घातलं, त्यावर कॅमेऱ्याची बाह्यरेषा काढली आणि जिथला स्क्रू तिथल्या जागी ठेवत गेले. तिळाएवढे स्क्रू. श्वास जपून घ्यावा लागे. कवच निघाल्यावर सर्वांत आधी त्याने फ्लॅशची टाकी दाखवली, करंगळीच्या पेराएवढी काळी नळी. बंद कॅमेऱ्यातही तिच्यात तीनशेच्या आसपास व्होल्टचा दाब बसून राहू शकतो, बेसावध बोटाला झटका देतो. त्याने तिच्या दोन पायांना तारांनी एक छोटा बल्ब लावला. बल्ब क्षणभर पेटला, विझला. मग पट्ट्या सोडवायच्या, कागदाहून पातळ, नखाने उचलायच्या खटक्यांत अडकलेल्या. आणि सगळ्याच्या तळाशी, तीन स्क्रूंवर तोललेल्या पत्र्यामागे, तो.

करंगळीच्या नखाएवढा. काचेखाली मोरपिशी झाक असलेला, तिरपा धरला की हिरवा, सरळ धरला की काळोख. त्या नखावर चाळीस लाख खळगे. प्रकाश पडला की प्रत्येक खळग्यात आपापल्या वाटणीचा विजेचा साठा जमतो, ओसरीतल्या भांड्यांत पागोळीचं पाणी साठावं तसा, उजेडाखाली जास्त, सावलीत थेंबभर. पण साठलं म्हणजे चित्र झालं नाही. ते मोजायचं तर काठापर्यंत आणावं लागतं, आणि प्रत्येक खळग्याला स्वतंत्र वाट नसते. म्हणून हातोहात. स्लॅबच्या दिवशी खालच्या बाईने दिलेलं घमेलं वरची घेते, तिच्याकडून त्याच्या वरची, तशी प्रत्येक ओळ आपला साठा पुढच्या ओळीला देते, शेवटची ओळ काठावरच्या रांगेला, आणि त्या रांगेतून एकेक घमेलं बाहेर पडतं, मोजलं जातं, आकडा होतो. चार्ज-कपल्ड डिव्हाइस हे त्याचं नाव. त्यातला मधला शब्द आणि डब्यांच्या जोडाला यार्डात म्हणतात तो कपलिंग हा शब्द, दोन्ही एकाच मुळाचे.

मी खिडकीतून आलेला तो सकाळचा हिसका पुन्हा ऐकला. डब्यामागून डबा.

बाबा यार्डात नंबर टेकर होते. दल्लीराजहराचा लोखंडी दगड, दूरचा कोळसा, कारखान्यातून निघालेले रूळ. थांबलेल्या गाडीच्या कडेने चालत जायचं, एका हातात बॅटरी, दुसऱ्यात वही, आणि प्रत्येक डब्याचा नंबर लिहायचा. बॉक्सएनची पूर्ण गाडी म्हणजे ५८ डबे; उन्हाळ्यात ५८ तापलेले पत्रे, पावसाळ्यात ५८ वेळा छत्री मानेत धरून वहीवर वाकणं. एक नंबर चुकला तर डबा भलत्याच गावी जायचा. घरी आल्यावरही त्यांचे ओठ कधीकधी हलत. डोळ्यांनी पाहिलेलं आकड्यांत उतरवून पुढच्याच्या हाती देणं, आयुष्यभर त्यांनी हेच केलं. ते आपल्या कॅमेऱ्यासारखेच होते, असं म्हणायचा मोह होतो. पण माणूस कॅमेऱ्यासारखा नसतो. कॅमेरा थोडाफार माणसासारखा असतो, एवढंच मी त्या टेबलापाशी समजले.

मुलाने सूक्ष्मदर्शकाखाली जुना सेन्सर धरला. कडेने बारीक तारा, केसाच्याही निम्म्याहून बारीक, नखाला बाहेरच्या पायांशी जोडणाऱ्या. त्याच काळात, निरनिराळ्या कंपन्यांच्या कितीतरी कॅमेऱ्यांत एकाच घडणीचे सेन्सर बसले होते. उष्णता आणि दमट हवा लागली की आतला हा जोड सुटायचा. २००५ च्या अखेरीस एकेका कंपनीने जाहीर केलं, आणून द्या, फुकट बदलून देऊ. ती बातमी बाबांपर्यंत आली नाही. आणि भिलाईत उष्णता, दमट हवा याखेरीज आणखी असतं काय? मे महिन्यात पंचेचाळीसला टेकणारं ऊन, मग लगेच घरातल्या मिठाला पाणी सोडणारा पाऊस. जोड सुटला असणार कुठल्यातरी अशाच दुपारी, कपाटाच्या अंधारात, आवाजही न होता.

म्हणजे त्या अकरा चौकटी.

मी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला. त्या अकराही वेळा भिंग उघडलं होतं. माझ्या मुलाच्या चिखलाळ पोटऱ्या, सुतळी, कलंडलेला नांदिया, ठेठरीची वाटी, सगळं प्रकाश होऊन आत आलं होतं, खळग्याखळग्यात भरलं होतं. डोळा गेला नव्हता. पाहिलेलं पोचवणारा हात सुटला होता. अकरा वेळा तो पोळा या नखावर काठोकाठ साठला आणि कुणी घ्यायला नाही म्हणून तिथेच सांडला.

दुकानातला मुलगा विचारत होता, चहा मागवू का. मी मान हलवली.

त्याच्या डोक्यावर टांगलेल्या बल्बभोवती राळेचा धूर फिरत होता. मी त्याला सांगितलं, हा सेन्सर १९६९ साली अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ या दोघांच्या डोक्यात आला तो डोळा म्हणून नव्हे. त्यांना माहिती साठवून ठेवणारी वस्तू हवी होती, स्मृती. पुढे लक्षात आलं की ही स्मृती उजेडाला भुलते. २००९ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं ते डोळ्यासाठी. त्याने एक पाय झाळला, चिमटा उचलला, म्हणाला, “पहिले याद, बाद में आँखी.” आणि दुसऱ्या पायाकडे वळला.

संध्याकाळचे थेंब घालायला घरी आले तर आई पलंगावर ट्रंक उघडून बसलेली. मांडीवर एक इरकल. “हे जांभळं आहे?” तिने विचारलं. “मी तर इतके दिवस मातकट समजत होती. कुणाला देऊन टाकाव म्हणत होती.” डॉक्टर म्हणाले होते, पिकलेलं भिंग पिवळं पडतं आणि निळा रंग अडवून धरतं, ते काढलं की जुने रंग परत येतात. तिच्या डोळ्याचं भिंग गेलं होतं आणि पडदा ठणठणीत. कॅमेऱ्याचं नेमकं उलट. ती एकेक लुगडं उजेडात धरून बघत होती, मोरपंखी, जांभळं, गोकर्णाच्या फुलाचं निळं, आणि दर वेळी तिच्या तोंडून एकच, “अवो माय.” मी थेंब घातले. डोळा मिटून तिने हात मात्र लुगड्यावरच ठेवला, रंग पुन्हा जाईल की काय अशा धाकाने.

दुसऱ्या दिवशी कॅमेरा जोडला. कालनिर्णयच्या पानावरून स्क्रू एकेक करून घरी परतले. पहिला फोटो आला तो दुकानातल्या काचेच्या ग्लासाचा, अर्धा चहा, कडेला माशी. रंग खरे होते. फक्त डावी कड जराशी मऊ, धुकट. पत्र्याचे तीन स्क्रू, त्यातला एखादा पूर्वीपेक्षा पाव फेरा जास्त बसला असेल. नखाएवढा पडदा केसभर कलला तरी प्रकाशाला ते कळतं. मुलाने पुन्हा खोलू का विचारलं. मी नको म्हटलं.

काळा चष्मा सुटल्यावर आई म्हणाली, देवबलोद्याला जाऊ. जवळच तर आहे. कलचुरी काळातलं शिवाचं दगडी देऊळ, शेजारी पायऱ्या उतरणारं कुंड, भिंतींवर हत्तींची रांग. शिखर नाही त्याला. बांधणारा मध्येच थांबला, त्याची एक गोष्ट इथे घरोघर सांगतात. मला गोष्टीपेक्षा ती वर सपाट उरलेली जागा बघत राहावंसं वाटतं, जिथे खालून कुणीतरी दगड वर दिला असेल आणि घ्यायला हात नसतील. शिवरात्रीला इथे जत्रा भरते, त्या दिवशी कोणीच नव्हतं. उन्हं कललेली. यार्डातून तोच खडखडाट आला, अर्ध्या वाटेवर पोचून थांबला.

मी आईचा फोटो काढायला निघाले तर तिने हात पुढे केला. आजवर तिने कॅमेरा कधी धरला नव्हता. फोटोत ती असायची, मागे बाबा. मी पट्टी तिच्या मनगटात अडकवली. तिने कॅमेरा ओंजळीत घेतला, डोळ्यापासून वीतभर दूर धरला आणि मला म्हणाली, “हलू नको. पहिले अर्धंच दाबा लागते. तुझे बाबा सांगत.”

तिचं बोट कळीवर टेकलं. कुंडाचं पाणी माझ्या उजव्या अंगाला होतं, धुकट बाजूला. कॅमेऱ्याने बारीकसा आवाज केला, हिरवी चौकट उमटली असणार, कारण तिचा चेहरा हलकेच उजळला.

ती अर्ध्यावरच थांबली होती. बघत.