उद्यमबाग ते उद्यमनगर

बेळगावहून कोल्हापूरला जाताना तवंदीचा घाट उतरला की मन आपोआप निपाणीच्या चहाकडे धावते. गेल्या जानेवारीत मात्र आम्ही निपाणीला थांबलो नाही. गाडीत मागच्या सीटवर पोत्यात गुंडाळलेले एक इंजिन होते आणि माझा भाचा त्यावर हात ठेवून बसला होता. आजारी माणसाला दवाखान्यात नेताना बसावे तसा. कागलपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे आमची गाडी रांगत होती आणि मला बहिणीचे शब्द आठवत होते, "दादा, तू मधे पडलास म्हणून मी अण्णांची गाडी खोलायला दिली. आता तूच निस्तर."

ते इंजिन माझ्या वडिलांच्या यामाहा आरएक्स १०० चे होते. ही मोटारसायकल आपल्याकडे १९८५ ते १९९६ या काळात तयार झाली. अजूनही तिचा आवाज रस्त्यावर ऐकला की चाळिशीतली माणसे मान वळवतात. अण्णांचे उद्यमबागेजवळ छोटे गॅरेज होते. ते गेल्यावर गाडी आठ वर्षे पडवीत झाकून ठेवली होती. भाच्याने स्वतः पाइप वाकवून, वेल्डिंग करून गो-कार्ट बनवली आणि तिला हे इंजिन हवे म्हणून हट्ट धरला. मी त्याच्या बाजूने बोललो. मी मराठीचा प्राध्यापक. इंजिनातले मला काय कळते? पण मुलगा हाताने काही घडवतो आहे, याचे मला अप्रूप होते. मी ज्या वयात गॅरेजमधून पळ काढून एम.ए.ला नाव घातले, त्याच वयाचा तो.

कार्ट चांगली पळू लागली. मग त्याला ती आणखी पळवायची होती. ठिणगी थोडी आधी पाडली की ताकद वाढते, असे त्याला कोणी तरी सांगितले. त्याने मॅग्नेटोच्या कॉइलची पट्टी ज्या स्क्रूंवर बसते त्यांची भोके कानशीने लांबट केली, पट्टी फिरवली, आणि दुसऱ्या रविवारी पिस्टनच्या माथ्याला चवलीएवढे भोक पडले.

आमच्याकडे उद्यमबाग आहे, कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर. नावे बहिणींसारखी आणि कामेही. ओतकाम, लेथ, क्रँकशाफ्ट, पंप. कोल्हापूरच्या गुऱ्हाळांना आणि विहिरींना ऑइल इंजिने लागत आणि ती इथेच बनू लागली. म्हादबा मिस्त्रींचे नाव या गल्ल्यांत आजही आदराने घेतात. सकाळी दहाला तिथे शिरलो, तर कापलेल्या लोखंडाचा नि कटिंग ऑइलचा तोच वास, जो अण्णांच्या शर्टाला रोज संध्याकाळी यायचा.

ज्या मिस्त्रींकडे आम्हाला पाठवले होते ते साठी ओलांडलेले. त्यांनी आधी पिस्टन पाहिलाच नाही. "प्लग द्या," म्हणाले. चष्मा कपाळावर सरकवून, भिंग लावून त्यांनी प्लगची पांढरी चिनी माती बराच वेळ न्याहाळली. मग भिंग माझ्या हातात दिले. "बघा सर. मिरी सांडल्यागत ठिपके दिसत्यात न्हवं? त्यो कार्बन न्हाई. पिस्टनचं ॲल्युमिनियम हाय. प्लग आधीच बोंबलत हुता, ह्यानं ऐकलं न्हाई."

भाचा म्हणाला, "काका, आवाज तर चांगला येत होता."

"हेल्मेट घालून, सायलेन्सर उघडा ठेवून कसला आवाज ऐकतोस रं?"

पुढचा तासभर त्यांनी जे समजावले ते माझ्यासारख्यालाही कळले. पेट्रोल आणि हवेचे मिश्रण बंदुकीच्या गोळीसारखे एकदम उडत नाही; ठिणगीपासून ज्वाळा पसरत जाते आणि त्याला वेळ लागतो. म्हणून पिस्टन अगदी वर पोहोचण्याच्या थोडे आधीच ठिणगी पाडावी लागते, म्हणजे दाब शिगेला पोहोचतो तेव्हा पिस्टन नुकताच खाली वळलेला असतो, साधारण बारा-पंधरा अंशांवर. ठिणगी फार लवकर पडली तर वर येणाऱ्या पिस्टनवरच दाब येतो, उष्णता वाढते, आणि कोपऱ्यात उरलेले मिश्रण ज्वाळा पोहोचण्याआधीच आपोआप भडकते. हे फटके हातोड्यासारखे बसतात. मिनिटाला ९ हजार फेऱ्या असताना क्रँकचा एक अंश म्हणजे सेकंदाचा ५४ हजारावा भाग. एवढ्याशा वेळेत चूक करायला तरी कशी जमते, असे माझ्या मनात येऊन गेले!

मोजमाप मात्र अंशात नाही, मिलिमीटरमध्ये करतात. नवा पिस्टन बसवल्यावर मिस्त्रींनी प्लगच्या भोकात डायल गेज बसवले, पिस्टन शिखरावर आणून काटा शून्य केला. मग चाक उलटे बरेच फिरवून पुन्हा सुलट आणले, म्हणजे बेअरिंगमधला ढिलेपणा मोजमापात येत नाही. या इंजिनाचा स्ट्रोक ५० मि.मी. त्यात वीस अंश म्हणजे पिस्टन शिखराखाली सुमारे १.९ मि.मी. असताना. भाच्याने कानशीने जिथे आणून ठेवले होते ते निघाले २.७, म्हणजे चोवीस अंश. फरक मिलिमीटरलाही कमी. "चार अंश," मिस्त्री म्हणाले, "आणि तुझ्या आज्ज्याच्या इंजिनाला भोक."

आज्ज्याचे इंजिन, हे त्यांना मीच सांगितले होते. अण्णा राजदूत आणि लॅम्ब्रेटाचे पॉइंट लावताना मधे बिडीचा पातळ कागद धरत आणि चाक हळूहळू फिरवत. कागद सैल होऊन निसटला की पॉइंट उघडला, तीच ठिणगीची वेळ. चाक फिरवायचे काम माझे असे. मला ते फार कंटाळवाणे वाटे. मिस्त्री हसले, "आम्ही बी तेच केलं की. ह्या गाडीला पॉइंट न्हाईत म्हणून ही बत्ती." आणि त्यांनी टायमिंग लाइट काढला. चालू इंजिनावर त्याचा प्रकाश धरला की गरगरणारे चाक जागीच थबकल्यासारखे दिसते आणि खडूची खूण नेमकी कुठे आहे ते कळते. भाचा वाकून पाहत राहिला. मीही.

दुसऱ्या दिवशी हुपरी रस्त्यावरच्या मोहिते ट्रॅकवर गेलो. हुपरी म्हणजे चांदीच्या पैंजणांचे गाव. त्या वाटेवर हा डांबरी वळणांचा पट्टा. रोटॅक्स मॅक्स कार्टिंगच्या राष्ट्रीय मालिकेतल्या फेऱ्या इथे झाल्या आहेत. त्या रोटॅक्सचे १२५ सी.सी. इंजिन पाण्याने थंड होणारे, आमचे वाऱ्याच्या भरवशावर. तरी मला संकोच वाटला नाही. १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्सने पहिली कार्ट बनवली तीही गवत कापायच्या यंत्राच्या इंजिनावर!

रीतसर पैसे भरून भाचा आत गेला. १.९ वर वळणातून कार्ट झपकन बाहेर पडे, पण सरळ रस्त्याच्या शेवटी दम सोडे. मिस्त्रींनी पट्टी सुईभर हलवून १.७ केले. एक अंश मागे. ठिणगी उशिरा पडली की धूर जास्त गरम निघतो, आणि टू-स्ट्रोकच्या फुगीर सायलेन्सरमध्ये ध्वनीच्या लाटा गरम धुरातून जलद धावतात. त्यामुळे इंजिन वरच्या फेऱ्यांत आणखी ओढते. खालच्या फेऱ्यांतली ताकद थोडी जाते. "एका हातानं घ्यायचं, दुसऱ्यानं द्यायचं," मिस्त्री म्हणाले. मला वाटले, भाचा वाद घालेल. त्याने वाद घातला नाही. तीन फेऱ्या मारून तो स्वतःच थांबला, इंजिन बंद केले, प्लग काढला आणि भिंग मागितले.

चिनी माती फिक्या तपकिरी रंगाची होती. ठिपका एकही नव्हता. तरी त्याने तो प्लग उन्हात तीनदा फिरवून पाहिला आणि मग माझ्याकडे दिला. "मामा, तुम्हीपण बघा."

परतताना निपाणीला चहाला थांबलो. बहिणीचा फोन आला. भोक पडलेला पिस्टन फेकू नका, अण्णांच्या फोटोखाली ठेवायचा आहे, असे ती म्हणाली. तो भाच्याच्या खिशातच होता. त्याने रुमालात बांधून ठेवला होता.