पाकिटातले जेवण आणि घरचे ताट



ज्या घरांत दोन पिढ्यांपूर्वी पोटभर भाकरी हीच चैन होती, त्या घरांत आज कमी खाण्यासाठी पैसे मोजावेत की नाही, यावर बोलणे होते. आमच्या सासूबाईंना याचे हसू येते. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी २४ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर आढळले आणि ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. या दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या वाट्यालाही येतात.

माझी धाकटी बहीण त्यांतलीच. ती कोल्हापूरला कचेरीत नोकरी करते, दिवसभर बसून काम. गेल्या वर्षी तिला मधुमेह निघाला, हिमोग्लोबिनही कमी भरले. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितले. तेवढ्यात ओळखीच्या एका बाईने तिला तयार आहाराची योजना गळ्यात मारली. सकाळी पावडरीचा पेला, दुपारी पाकिटातली खिचडी, रात्री सूप. महिन्याचा खर्च तिच्या घरच्या किराणा बिलाएवढा. सुट्टीला ती गगनबावड्याला आमच्याकडे आली तेव्हा दोन पाकिटे घेऊनच आली आणि म्हणाली, "आक्का, तू वाचतेस, पडताळतेस. सांग, घेऊ का नको?"

आम्ही कागदावर दोन रकाने पाडले.

फायद्याचा रकाना रिकामा राहिला नाही. पाकिटात माप ठरलेले असते. किती खाल्ले हे मनाशी घोळवत बसावे लागत नाही. पहाटे उठून सगळ्यांचे डबे भरून बस गाठणाऱ्या बाईला ही मोठीच सोय. शास्त्राचा आधारही आहे. ब्रिटनमध्ये मधुमेहाच्या रुग्णांना काही महिने दिवसाला सुमारे ८५० कॅलरींचा केवळ तयार आहार दिला गेला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षभरानंतर त्यांतल्या ४६ टक्के रुग्णांचा मधुमेह औषधाविना आटोक्यात होता. दुसऱ्या वर्षाअखेर हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आले.

मात्र तिथे पाकिटाच्या मागे दवाखाना उभा होता. पहिल्याच दिवशी मधुमेहाच्या गोळ्या डॉक्टरांनी थांबवल्या होत्या. पुढे घरचे जेवण हळूहळू कसे सुरू करायचे, हे शिकवायला परिचारिका आणि आहारतज्ज्ञ होते. आपल्याकडे पाकीट विकणारी बाई गोळ्यांची चौकशीसुद्धा करत नाही. काही गोळ्या आणि इन्सुलिन चालू ठेवून जेवण एकदम तोडले तर साखर उतरून घेरी येते. कधी जिवावरही बेतते.

तोट्याचा रकाना मग भरत गेला. अंगात रक्त कमी असताना नुसते खाणे तोडणे धोक्याचे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे सांगणे आहे की, आठवड्याला अर्धा किलो वजन उतरणे सुरक्षित आणि आहार १००० कॅलरींच्या खाली नेऊ नये. महिन्यात दहा किलोचा वायदा करणाऱ्यापासून म्हणूनच दूर राहावे. शिवाय एका चुलीवरच्या घरात आईने वेगळे पाकीट फोडून बाजूला बसायचे, हे किती महिने निभणार? पाकीट संपले की पुढे आहे ते घरचेच ताट, आणि त्याचे माप तर शिकलेलेच नसते.

या ठिकाणी संयुत्त निकायातले दोणपाक सुत्त आठवते. कोसलचा राजा पसेनदी द्रोणभर भात खाऊन धापा टाकत तथागतांकडे आला. तथागतांनी त्याला उपास सांगितला नाही, औषध दिले नाही. जेवताना भान ठेवावे आणि माप ओळखावे, एवढ्याच अर्थाची गाथा सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि रोज जेवताना म्हणायला बसवले. राजा हळूहळू नाळीभर भातावर आला आणि त्याचे अंग हलके झाले. एकदम नव्हे, हळूहळू. आणि एकट्याने नव्हे, आठवण देणारा शेजारी बसवून. ब्रिटनमधल्या दवाखान्याने याहून वेगळे काय केले?

बहिणीने दोन्ही पाकिटे डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी गोळ्या तपासल्या आणि घरच्या जेवणाचेच माप लिहून दिले. आता तिची नाचणीची एकच भाकरी असते, भात एक वाटी, सोबत हुलग्याचे पिठले किंवा उसळ आणि भरपूर पालेभाजी. नाचणीत १०० ग्रॅमला सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, पण म्हणून ती कितीही खावी असे नाही. मधुमेह्याला तिचेही माप हवेच. रक्तासाठी लोहाच्या गोळ्या चालू आहेत. संध्याकाळी ती रंकाळ्यावर चालते. तिच्या घरी सुदस्सनाचे काम तिचा धाकटा मुलगा करतो. तिचा हात दुसऱ्या भाकरीकडे गेला की तो नुसता बघतो. चार महिन्यांत पाच किलो उतरले आहेत. मधुमेहाची गोळी अजून सुटलेली नाही.

ज्यांना पाकीट घ्यायचेच आहे त्यांनी जरूर घ्यावे, पण आधी चार गोष्टी विचारून घ्याव्यात. माझ्या गोळ्यांचे काय करायचे? यात प्रथिने किती, मीठ किती? महिन्याला सगळे मिळून पैसे किती? आणि पाकीट बंद झाल्यावर मी काय जेवायचे? चौथ्या प्रश्नाला ज्याच्यापाशी उत्तर नाही, त्याच्या हाती आपल्या घामाचे पैसे देऊ नयेत.